आखितीची घागर आदल्या संध्याकाळी आणू नका: करा-केळी, आंबा, नैवेद्य, सगळी तयारी क्रमानं

दरवर्षी आखिती, म्हणजे अक्षय तृतीया, पितरांसाठी मातीची घागर भरायचा दिवस, दोन दिवसांवर आली की पुण्याकडं, संभाजीनगरकडं राहणाऱ्या माझ्या नणंदांचे, जावांचे फोन सुरू होतात आणि प्रश्न तेच ते असतात. घागर गळायली, काय करू. आंबे वरून पिवळे पण आतून कच्चे निघायलेत. कुरडई तेलात फुलंना. तिथी आज आहे का उद्या. या सगळ्यांना मी एकच सांगते, आखिती त्या दिवशी होत नसते, ती महिनाभर आधी सुरू होते. आपल्या सासवांनी, आज्यांनी आपल्याला पूजा दाखवली, मांडणी दाखवली, पण त्याच्या आधीचं निम्मं काम त्या गुपचूप उरकून ठेवायच्या, ते आपल्याला दिसलंच नाही, आणि मग आपण सगळं आदल्या संध्याकाळी करायला बसतो.

म्हणून हे क्रमानं लिहिलंय. आमचं घर लातूर जिल्ह्यातलं, त्यामुळं रीत इकडची आहे. तुमच्या भावकीत एखादी गोष्ट वेगळी असंल तर तुमचीच रीत धरा, पण घागर, आंबा आणि वेळ या तीन गोष्टी सगळीकडं सारख्याच चुकतात, तेवढं तरी नीट वाचा.

टप्पा १: तिथी बघा, नुसती तारीख नको

वैशाख शुद्ध तृतीया. इंग्रजी तारीख दरवर्षी हलते, २०२२ ला ३ मे होती, २०२३ ला २२ एप्रिल, २०२४ ला १० मे, २०२५ ला ३० एप्रिल. मागच्या वर्षीची तारीख डोक्यात ठेवून बसलात तर फसाल. आणि तारखेइतकंच तृतीया लागते कधी आणि संपते कधी हे बघणं महत्त्वाचं आहे, कारण पितरांचं काम दुपारच्या वेळेचं असतं. २०२३ ला तृतीया २२ तारखेला सकाळी लागली आणि २३ ला सकाळी संपली, त्यामुळं ज्यांनी २३ ला दुपारी पान वाढलं त्यांच्या पानाला तृतीया नव्हतीच. २०२५ ला उलटं झालं, ३० एप्रिलला दुपारी दोनच्या सुमाराला तृतीया संपली आणि कित्येक घरात साडेतीनला नैवेद्य निघाला.

घरात जे पंचांग लावता त्यात तृतीयेची समाप्ती बघा, ती वेळ कॅलेंडरवर पेनानं लिहून ठेवा आणि तिच्या आधी दीड तास नैवेद्य तयार पाहिजे असा हिशोब धरा. मोबाईलवर फिरणारे मेसेज धरू नका, त्यात बऱ्याचदा सोनं घ्यायचा मुहूर्त दिलेला असतो, आपल्या पानाचा त्याच्याशी काही संबंध नाही.

तपासा: त्याच दिवशी महात्मा बसवेश्वर जयंती असते. लातूर, धाराशिव, नांदेड भागात मिरवणुका निघतात, बाजारातले रस्ते बंद होतात. काही राहिलं तर संध्याकाळी जाऊन आणू असं म्हणून चालत नाही, सगळं सामान आदल्या दिवशीच घरात पाहिजे.

टप्पा २: कुरडया, चैत्रात

हे पहिलं यासाठी की याला सगळ्यात जास्त दिवस लागतात आणि ऊन लागतं. पाडवा झाला की लगेच घ्यायचं. गहू तीन दिवस भिजत घाला आणि पाणी रोज बदला, एक दिवस जरी बदलायचं राहिलं तरी चिकाला आंबूस वास येतो आणि तो वाळल्यावरही जात नाही. चौथ्या दिवशी सकाळी गहू वाटायचे, पाण्यात कालवून चीक काढायचा, फडक्यातून गाळायचा आणि रात्रभर हलवायचा नाही. सकाळी वरचं पिवळसर पाणी अगदी सावकाश ओतून द्यायचं. हे पाणी राहू दिलं की कुरडई काळपट होते, बहुतेकांची चूक इथंच असते.

मग जेवढा चीक तेवढंच पाणी मोजून उकळायला ठेवा, मीठ घाला, आणि चीक एका हातानं ओतत दुसऱ्या हातानं हलवत राहा. एकटीनं करू नका, दोघी पाहिजेत. शिजला की रंग बदलतो, पांढरा चीक थोडा काचेसारखा दिसायला लागतो, मग झाकण ठेवून एक वाफ काढायची आणि गरम असतानाच सोऱ्यात भरायचा. गार झाला की तार तुटते. दोन कडक उन्हं द्या, खालची बाजू पलटून द्या, मगच डब्यात भरा.

ज्यांनी या वर्षी केल्या नाहीत त्यांनी बचत गटाच्या बायकांकडून घ्या, त्यात कमीपणा काही नाही. विकत घेताना एक मोडून बघा, कट्ट आवाज आला पाहिजे. मऊ पडली असंल तर घरी आणून दोन तास उन्हात टाका.

टप्पा ३: आंबा, दहा-बारा दिवस आधी

आमच्या घरात आखितीला पितरांच्या पानावर आंबा ठेवल्याशिवाय कुणी आंबा खात नाही. लेकरं सुद्धा थांबतात. म्हणून त्या दिवशीचा आंबा नीट पिकलेला पाहिजे, आणि अडचण इथंच आहे. आखिती एप्रिलमध्ये आली की आपल्याकडचा गावरान आंबा पाडाला आलेला नसतो, मराठवाड्यातला केशर तर मे अर्धा झाल्यावर खरा सुरू होतो. म्हणजे बाजारात जो पिवळाधमक ढीग दिसतो तो बाहेरून आलेला असतो, हापूस कोकणातला आणि बदाम, लालबाग वगैरे दक्षिणेकडून, आणि मागणी एकदम वाढल्यामुळं घाईनं पिकवलेला पण असतो.

घरचं झाड असंल तर असं करा. आधी झाडाला पाड लागलाय का बघा, म्हणजे एखादा तरी आंबा झाडावर पिकून खाली पडला पाहिजे. मग कैऱ्या उतरवताना झेल्यानं, म्हणजे काठीला लावलेल्या जाळीनं उतरवा, झाडाला झोडपू नका, आपटलेली कैरी आढीत सडते आणि शेजारच्या चार सडवते. डेख म्हणजे देठ, ते बोटभर ठेवूनच तोडा. डेख मुळातून निघालं की चीक सालीवर उतरतो आणि तिथं काळा डाग पडतो. कैरी तयार आहे का नाही हे बघायची सोपी खूण म्हणजे बादलीत पाण्यात टाका, तयार कैरी बुडते, कोवळी वर तरंगते. तरंगणाऱ्या बाजूला काढून लोणच्याला घ्या, त्या आढीत कितीही दिवस ठेवल्या तरी सुरकुततात, पिकत नाहीत.

आढी घालायची ती कोरड्या खोलीत, खाली कोरडं गवत किंवा पाचट, त्यावर एक थर कैऱ्यांचा, परत गवत, परत थर, चार थरांच्या वर जाऊ नका आणि वरून गोणपाट टाका. पाणी शिंपडायचं नाही. तिसऱ्या दिवसापासून रोज एकदा हात घालून बघा, खालचे आधी तयार होतात. एखादा नरम पडून डागाळलेला सापडला तर लगेच काढा. आठ ते दहा दिवसांत आढी तयार होते, खोलीचं दार उघडलं की वासावरूनच कळतं.

झाड नसंल तर चार-पाच दिवस आधी थोडे कडक आंबे विकत आणा आणि घरी वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात गवतात ठेवा. आदल्या दिवशी पिकलेला आंबा शोधत फिरण्यापेक्षा हे शंभरपट बरं.

सावध: आंब्याच्या खोक्यात छोट्या पुड्या टाकलेल्या सापडल्या तर हात लावण्याआधी विचारा की त्या कशाच्या आहेत. कॅल्शियम कार्बाइडनं फळ पिकवायला अन्नसुरक्षा नियमात बंदी आहे, त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असू शकतात. इथिलीन वायूनं पिकवायला ठरावीक मर्यादेपर्यंत परवानगी आहे, तो वेगळा प्रकार. आंबा सगळीकडून एकसारखा पिवळा, वास नाही, दाबला तर कडक आणि कापल्यावर कोयीजवळ पांढरट असं असंल तर तो नुसता रंगला आहे, पिकलेला नाही.

आखिती लवकर आली आणि चांगला आंबा मिळालाच नाही तर पानावर एकच आंबा ठेवा आणि बाकीच्यांना कैरीचं पन्हं करा. पंचवीस कच्चे आंबे साखर घालून रस म्हणून वाढण्यापेक्षा आमच्याकडं हेच पसंत करतात.

टप्पा ४: करा-केळी निवडणं, आठ दिवस आधी

आता मुख्य काम. आमच्याकडं मातीच्या दोन घागरींची जोडी लागते, करा आणि केळी, करा घरातल्या गेलेल्या पुरुषांसाठी, केळी गेलेल्या बायकांसाठी. काही घरात एकच घागर असते. जोडी कुंभारवाड्यातून घ्या किंवा आठवडी बाजारातून, पण आखितीच्या आधीच्या शेवटच्या बाजारी नको, त्याच्या आधीच्या बाजारी घ्या. शेवटच्या बाजारात निवडून उरलेला माल असतो आणि गर्दीत तुम्हाला वाजवून बघायला जागा पण मिळत नाही.

माझ्या लग्नानंतरच्या दुसऱ्या आखितीला मी जोडी आदल्या दिवशी दिवे लागायच्या वेळी आणली होती. रंग छान होता, चुन्याची नक्षी होती, मी काही बघितलं नाही. सकाळी भरली, गव्हावर मांडली, मामंजी एकेक नाव घेत पाणी सोडायलेत आणि चौथ्या का पाचव्या नावाला मला केळीच्या पोटाखाली एक काळी ओली रेघ दिसली. बोटाएवढी होती, बघता बघता पत्रावळीपर्यंत आली, खालचे गहू फुगले आणि केळी हळूच एका अंगाला कलली. सासूबाईंनी आवाज न करता उठून पितळेचा तांब्या भरून आणला आणि तिच्या जागी ठेवला. कुणी मला काही बोललं नाही, पण ती केळी त्यांच्या सासूबाईंच्या नावाची होती, आणि त्यांचे डोळे भरलेले मी बघितले. तेव्हापासून मी आठ दिवस आधी आणते आणि चार परीक्षा केल्याशिवाय पैसे देत नाही.

पहिली, वाजवून. घागर तळहातावर किंवा चुंबळीवर ठेवा आणि बोटाच्या पेरानं टकटक करा, तीन ठिकाणी, गळ्याजवळ, पोटावर, बुडाजवळ. चांगली भाजलेली घागर खणखणते. भद्द आवाज आला तर चीर आहे किंवा कच्ची भाजली आहे.

दुसरी, उजेडात. तोंड डोळ्यासमोर धरून बूड सूर्याकडं करा. आत एखादा ठिपका चमकला तर ठेवून द्या.

तिसरी, बोट फिरवून. आतून बोट फिरवल्यावर माती हाताला लागत असंल तर ती घागर पाण्याला कायम मातकट वास देणार.

चौथी, बसवून. सपाट जागेवर ठेवा आणि एका बोटानं ढकला. डगमगली तर घरी गव्हावर ती उभी राहणार नाही.

लाल का काळी हा वाद नको. काळी भाजताना धूर कोंडलेला असतो म्हणून काळी, पाणी दोन्हीत गार होतं. फक्त ऑइलपेंटनं रंगवलेली, वरून चकाकणारी घेऊ नका. घागरीचं पाणी गार होतं ते बारीक छिद्रातून पाणी झिरपून बाहेर उडून जातं म्हणून, रंगानं छिद्रं बुजली की ते नुसतं मातीचं भांडं राहतं. गेरू आणि चुन्याच्या चार रेघा चालतात. झाकायला येळणी पण सोबतच घ्या आणि तिथंच तोंडावर ठेवून बघा, नंतर मापाची मिळत नाही.

टप्पा ५: घागर मुरवणं, सहा दिवस आधीपासून

कोरडी नवी घागर एकदम काठोकाठ भरली की ती ताण धरत नाही, बारीक चीर असंल तर तिथंच उलते. म्हणून आधी अख्खी घागर मोठ्या टबात किंवा हौदात बुडवून एक दिवस ठेवा. सुरुवातीला बुडबुडे येतात, ते थांबले म्हणजे मातीनं पाणी पिलं. मग नारळाच्या शेंडीनं आतून-बाहेरून घासा. साबण, भांड्याचं लिक्विड अजिबात नको, ते छिद्रात जाऊन बसतं आणि पंधरा दिवस पाण्याला फेसाचा वास येतो.

दुसऱ्या दिवशी अर्धी भरा, तिसऱ्या दिवशी पूर्ण. ही दोन्ही पाणी झाडाला घाला, प्यायला नको, आणि आपल्या भागात उन्हाळ्यात पाण्याचे काय हाल असतात ते सांगायला नको, म्हणून फेकू तर अजिबात नका.

तपासा: पूर्ण भरलेली घागर रात्रभर कोरड्या वर्तमानपत्रावर ठेवा. सकाळी कागदावर बुडाएवढा ओला गोल दिसला तर ते पाझरणं आहे, चांगलं लक्षण. एका बाजूला थारोळं दिसलं किंवा एकच ओघळ दिसला तर ते गळणं आहे. पाझरणारी घागर ठेवा, गळणारी बदलून आणा, तीन दिवस हातात आहेत म्हणूनच आपण लवकर आणली. मेण, सिमेंट, फेविकॉल लावून बुजवायच्या भानगडीत पडू नका.

एक छोटी गोष्ट, भरलेली घागर गळ्याला धरून उचलायची नाही. दहा लिटर पाणी म्हणजे दहा किलो, वर मातीचं वजन वेगळं. एक हात बुडाखाली, एक पोटाला.

टप्पा ६: आदला दिवस

सगळ्यात आधी नावं लिहून काढा. हसू नका, दरवर्षी ऐन वेळी कुणाला तरी पणजीचं नाव आठवत नाही आणि गावाकडं फोन लावावा लागतो, आणि तिथं कुणी उचलत नाही कारण तिथं पण पूजा चालू असते. वडील, आजोबा, पणजोबा, आई, आजी, पणजी, मग आईच्या माहेरचे, आणि घरात आणखी जे गेले असतील ते. आमच्याकडं एक जुनी वही आहे, सासूबाईंनी त्यात पेन्सिलनं लिहिलंय, प्रत्येक नावापुढं त्या माणसाला काय आवडायचं ते पण, कुणाला भजे, कुणाला शेवया. तुम्ही पण अशी एक वही करा, मोबाईलमध्ये नको.

ज्या घरात वर्षभरात कुणी गेलेलं आहे त्यांनी आधी भावकीतल्या मोठ्या माणसाला विचारा. पहिल्या वर्षी घागर भरायची का नाही, नवीन नाव कधी घ्यायचं, याची रीत गावोगाव वेगळी आहे.

बाकीचं:

वाळा आणा, मुळ्या दोन पाण्यात धुवा, माती निघेपर्यंत, आणि स्वच्छ फडक्यात सैल बांधून ठेवा. सुट्टा टाकला की पाण्यात तुकडे येतात.

पळसाच्या पत्रावळी, चार-पाच ओंजळी गहू, काळे तीळ, पांढरं सूत, गंध, हळद-कुंकू, फुलं, एक खरबूज, दोन गोवऱ्या.

हरभऱ्याची डाळ निवडून ठेवा, चिंच भिजवा, पुरणयंत्र शोधून ठेवा.

चैत्रगौर बसवलेल्यांनी लक्षात ठेवा, गौरीचं हळदी-कुंकू आखितीपर्यंतच असतं. राहिलं असंल तर आखितीच्याच संध्याकाळी शेवटची संधी, त्याची डाळ आणि पन्ह्याच्या कैऱ्या आजच आणा.

टप्पा ७: सकाळचा स्वयंपाक, कोणतं आधी

उलटं केलं की उशीर होतो. आंबे पाण्यात टाका हे पहिलं काम, तास-दीड तास राहू द्या. मग डाळ शिजायला. डाळ शिजली की वरचं पाणी निथळून बाजूला काढा, त्याची येळवणीची आमटी होते, ते पाणी मोरीत ओतणारे पण मी बघितलेत. पुरण शिजतंय तोपर्यंत कणीक मळून झाकून ठेवा, ती जेवढी मुरते तेवढी पोळी मऊ.

चिंचवणी गॅसवर ठेवायचं नसतं त्यामुळं मधल्या वेळात होतं. लिंबाएवढी चिंच कोळून, गाळून, साधारण एक लिटर पाण्यात, चिंचेच्या अडीच-तीन पट गूळ, चवीला मीठ, वेलदोड्याची पूड आणि आवडत असंल तर दोन मिरे कुटून. गूळ आधी सगळा घालू नका, नवी चिंच जुन्यापेक्षा वेगळी लागते, चाखत घाला. नैवेद्याच्या आधी चाखायचं नाही अशी रीत असंल तर कमी गोड ठेवा आणि वाढताना सारखं करा.

सावध: चिंचवणी बिनकल्हईच्या पितळी किंवा तांब्याच्या पातेल्यात करू नका, आंबटामुळं भांड्याचा अंश पाण्यात उतरतो. स्टील, काच किंवा मातीचं भांडं घ्या.

रस सगळ्यात शेवटी. डेखाजवळचा भाग काढून पहिले दोन-चार थेंब चीक पिळून टाकून द्या, घशाला खवखव त्यानंच होते. गावरान आंबा हातानं माचून पिळा, मिक्सरमध्ये घातला की रेषा बारीक होऊन रसात राहतात आणि तोंडात येतात. प्रत्येक आंब्याचा रस आधी वाटीत घ्या, वास घ्या, मग मोठ्या पातेल्यात ओता, एक आंबलेला आंबा वीस आंब्यांचा रस घालवतो. पातेलं लोखंडाचं नको. दूध घालायचं असंल तर वाढायच्या वेळी, आधी घालून ठेवलं आणि आंबा जरा आंबट निघाला तर दूध फाटतं. फ्रिज नसंल तर परातीत पाणी घेऊन त्यात पातेलं ठेवा आणि वरून ओलं फडकं. वाढताना वर साजूक तूप आणि चिमूटभर मिरेपूड किंवा सुंठ, रस पचायला हलका जातो असं घरातले सगळे म्हणतात आणि चवीला तर लागतंच.

कुरडया तळायच्या त्या पोळ्या झाल्यावर. तेल चांगलं तापू द्या, एक छोटा तुकडा टाकून बघा, टाकल्याबरोबर फुलून वर आला तरच पूर्ण कुरडई सोडा. तेल कोमट असताना टाकली की ती तेल पिते आणि दाताखाली चिवट लागते, मग दोष कुरडईला देतात.

टप्पा ८: मांडणी

हे डाळ शिजत असताना घरातल्या दुसऱ्या माणसानं करायचं, सगळं एकाच बाईवर नको. जागा पुसा, पाट मांडा, रांगोळी. पाटावर पत्रावळ, तिच्यावर गहू पसरा, पण थेट गव्हावर घागर ठेवू नका, मध्ये दुसरी छोटी पत्रावळ ठेवा. घागर पाझरणारच, तिनं पाझरलंच पाहिजे, आणि खालचे गहू भिजून आंबूस होतात.

घागर जागेवर ठेवून मग तांब्यानं पाणी भरा, भरून आणून ठेवायला जाऊ नका. ताजं पाणी, काठापासून चार बोटं खाली. वाळ्याची पुरचुंडी सोडा. गळ्याला सुताचे वेढे, कऱ्याला गंध, केळीला हळद-कुंकू. तोंडावर येळणी आणि तिच्यावर एकावर आंबा, एकावर खरबुजाची फोड किंवा छोटं खरबूज. मोठं अख्खं खरबूज ठेवू नका, येळणी सरकते.

शेतकऱ्यांच्या घरी घागरीखाली पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं ठेवतात आणि कोणतं जास्त भिजलं त्यावरून कोणत्या महिन्यात पाऊस चांगला ते बघतात. आमच्याकडं अजून ठेवतात आणि सगळे जण वाकून बघतात. ठेवणार असाल तर चारही ढेकळं सारख्या उंचीची, एकाच शेतातली घ्या, नाहीतर घागर कलते. आणि पेरणी मात्र त्यावर ठरवू नका, ७५ ते १०० मिलीमीटर पाऊस पडून जमिनीत ओल खोल गेल्याशिवाय बियाणं मातीत टाकायचं नाही. दुबार पेरणी काय असते ते आपल्याकडं वेगळं सांगायची गरज नाही.

टप्पा ९: पूजा, पान, आगारी

क्रम असा. दिवा, मग घागरीची पूजा, मग नावं घेऊन तिळाचं पाणी, मग पान, मग आगारी, मग घास, मग दान, मग आपलं जेवण. लोक दान विसरतात आणि जेवून झोपतात, उठून बघतात तर संध्याकाळ.

पाणी सोडणाऱ्यानं दक्षिणेकडं तोंड करायचं आणि पाणी अंगठा आणि तर्जनीच्या मधून सोडायचं, देवाला सोडतो तसं बोटांच्या टोकावरून नाही. खाली ताम्हण ठेवा. एकानं वहीतलं नाव वाचायचं, दुसऱ्यानं ते मोठ्यानं म्हणून पाणी सोडायचं, घाई नको. लेकरांना जवळ बसवा आणि नाव कुणाचं ते सांगा, तुझ्या बाबाची आजी, तुझ्या आजोबांचा मोठा भाऊ, असं. माझ्या लेकीला तिच्या खापरपणजीचं नाव ठाऊक आहे ते याच्यामुळं.

पानावर सगळं थोडं थोडं वाढा, आंब्याची फोड किंवा रसाची वाटी पाहिजेच. गोवरी आधीच पेटवून निखारा करून ठेवा, हे सगळे विसरतात आणि मग पान वाढून झाल्यावर गोवरी पेटायची वाट बघत बसतात. निखाऱ्यावर तूप आणि पानातला थोडा थोडा घास, ही आगारी. धूर निघाला की पाया पडा.

सावध: फ्लॅटमध्ये आगारी करताना गोवरी थेट फरशीवर ठेवू नका, तडकते. लोखंडी घमेल्यात वाळू घालून तिच्यावर ठेवा, गॅलरीत करा, पडदा बाजूला बांधा. झाल्यावर पाणी घालून विझवा, तशीच कचऱ्यात टाकू नका.

एक घास गायीला, एक कावळ्याला. कावळ्याचा घास पत्र्यावर किंवा कठड्यावर ठेवून बाजूला व्हा, माणूस उभा असला की तो येत नाही.

टप्पा १०: दान आणि नंतरची घागर

जोडीतली एक घागर भरलेली द्यायची, खालचे कोरडे गहू, वरचं फळ आणि दक्षिणा. कुणी पुरोहितांना देतं, कुणी जंगमांना, कुणी गरजूच्या घरी. द्यायच्या आधी विचारा की त्यांना घागर पाहिजे का, काही ठिकाणी एकेका घरी दहा-दहा घागरी जमतात आणि त्या तशाच पडून राहतात. तसं असंल तर बस स्टँडजवळच्या, बाजारातल्या पाणपोईला द्या. सोबत छत्री, चप्पल, पंखा द्यायची जुनी रीत आहे आणि मेच्या उन्हात शेतात राबणाऱ्या माणसाला यापेक्षा उपयोगाचं दुसरं काही नाही.

दुसरी घागर माळ्यावर टाकू नका, ती घरात प्यायला लावा. घडवंचीवर किंवा ओल्या वाळूवर, वारा लागंल अशा जागी, उन्हात नाही. भिंतीला चिकटवून ठेवली की त्या बाजूनं पाणी उडत नाही आणि भिंतीलाही ओल येते. पाणी रोज पूर्ण काढून नवीन भरा, उरलेल्यात भर घालत जाऊ नका. आठवड्यातून एकदा शेंडीनं घासा आणि तासभर उलटी करून सुकवा. पाणी काढायला दांड्याचं ओगराळं ठेवा, हात बुडवू नका.

आपल्याकडं बोअरचं पाणी जड आहे, महिन्याभरात घागरीवर पांढरा थर चढतो आणि मग सगळे म्हणतात घागर जुनी झाली, गार करत नाही. जुनी नाही झाली, छिद्रं क्षारानं बुजलीत. लिंबू पिळलेल्या पाण्यात तासभर भिजवून कडक ब्रशनं बाहेरून घासा, दोनदा साध्या पाण्यानं धुवा, एक दिवस सावलीत वाळवा आणि परत भरा. पुन्हा पाझरायला लागली की पाणी गार होणारच.

आणि फुटली तर खालचा बुडाचा भाग फेकू नका. त्याचं खापर गच्चीवर सावलीत ठेवा, त्यात पाखरांसाठी पाणी घाला आणि रोज सकाळी बदला. मेमध्ये आमच्या खापरावर दुपारी साळुंक्या, चिमण्या रांगेनं येतात, आणि सासूबाई जेवायला बसायच्या आधी खिडकीतून ते रिकामं तर झालं नाही ना बघून येतात.